तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच नळीने सगळे पिता, किळस नाही येत?

मी माँटेव्हिडिओला, म्हणजे उरुग्वेच्या राजधानीत, राहायला आल्यापासून घरचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. फोटोत आम्ही ऑफिसातली मंडळी रांब्लावर, म्हणजे इथल्या पाण्याकाठच्या रस्त्यावर, बसलेलो असतो आणि सगळ्यांत मिळून माते, म्हणजे इथलं पानांचं कडू गरम पेय, एकाच भांड्यात, नळीही एकच. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे जमतं कसं? प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगतो.

माते पितात तो बहुतेक वेळा वाळवलेल्या तुंब्यातून. आपला दुधी ज्या जातीचा, त्याच जातीचं हे फळ. त्यात येर्बा भरायची. येर्बा म्हणजे ग्वारानी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतले मूळचे, लोक शेकडो वर्षं वापरत आलेल्या एका झाडाची वाळवून भरडलेली पानं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी त्याचे मळे लावले. उरुग्वेत ती जवळपास पिकतच नाही, ब्राझीलहून येते. तरी माणशी खपात हा देश जगात पहिला, आणि काखेत थर्मास धरून बाजाराला निघालेली माणसं इथे रोज दिसतात.

तुंबा पाऊण भरला की तोंडावर तळहात धरून उलटा करून हलवायचा. हाताला हिरवी भुकटी लागते. मग तिरका धरायचा, म्हणजे येर्बा एका कडेला उतरणीसारखी बसते. रिकाम्या बाजूला कोमट पाणी घालून पानं फुगू द्यायची, तिथेच नळी खोचायची आणि पुन्हा हलवायची नाही. मग गरम पाणी, पण उकळतं मुळीच नाही, त्याने येर्बा जळते. नीट जमलं की वर बारीक फेस येतो.

हे सगळं करणारा एकच असतो, सेबादोर. पहिला माते सगळ्यात कडू, तो त्याने स्वतः प्यायचा. मग पुन्हा भरून, नळी तुमच्याकडे वळवून तो तुमच्या हातात देतो. तुम्ही सुर्र आवाज येईपर्यंत ओढायचा आणि त्यालाच परत द्यायचा, शेजाऱ्याला नाही. कोणाची पाळी, पाणी निवलं का, चव उतरली का, हे सगळं तोच बघतो. मला त्याचं हे लक्ष फार आवडतं.

आता किळस. पहिल्यांदा माझाही हात आखडला. पण आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या बाई आणि आमचे मोठे साहेब एकाच नळीने पिताना पाहिले, आणि लहानपणी खिडकीत पालथा घातलेला कप आठवला. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा. तो वेगळा का, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसेल. तो स्वच्छतेसाठी वेगळा ठेवलेला नव्हता, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मनातली किळस कुठून आली होती ते मला त्या दिवशी कळलं, आणि तेव्हापासून मी पितो.

आजारपणाची काळजी मात्र खरी आहे. सर्दी-खोकला असेल तो आपणहून नको म्हणतो. २०२० च्या साथीत तर जो तो आपापला माते घेऊन बसायचा. आणखी एक, ६५ अंशांवरची कुठलीही पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये म्हटलं. म्हणून मी पाणी निववूनच घेतो. हे चहालाही लागू आहे, बाबांना तेवढं सांगा.

इकडे आलात आणि कुणी माते पुढे केला, तर नको असल्यास सरळ नको म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. घेतलात तर संपवून परत करा. आणि हातात परत देताना 'ग्रासियास' म्हणू नका. आभार मानले की पुरे झालं असा त्याचा अर्थ, मग पुढच्या फेरीत तुम्हाला कोणी विचारणार नाही.