व्याजदर वाढले, उतरले: प्रेफरन्स शेअर आणि कन्व्हर्टिबल डिबेंचरचा माझा अनुभव

व्याजदर तळाला गेले होते त्या काळात मुदत ठेव नव्याने ठेवायची वेळ आली की जीव कसनुसा व्हायचा. आईचा महिन्याचा खर्च त्या व्याजावर चालायचा आणि दर खेपेला व्याज थोडं आणखी आटलेलं असायचं. साध्या शेअरची चढउतार तिच्या पैशाला परवडणारी नव्हती. ठेवीपेक्षा बरं उत्पन्न आणि शेअरपेक्षा कमी धाकधूक अशी अट घालून शोधत गेले तेव्हा प्रेफरन्स शेअर आणि कन्व्हर्टिबल डिबेंचर या दोन कागदांपाशी पोचले. प्रेफरन्स शेअर म्हणजे साध्या शेअरच्या आधी लाभांश मिळणारा शेअर, आणि कन्व्हर्टिबल डिबेंचर म्हणजे ठरलेल्या किमतीने कंपनीच्या शेअरमध्ये बदलता येणारा कर्जरोखा.

जो तो एकच वाक्य ऐकवत होता: दर वाढले की हे पडतात, दर उतरले की चढतात. एवढ्या भांडवलावर आईचे पैसे घालायचे नव्हते, म्हणून ऑफर डॉक्युमेंट, म्हणजे कंपनीने सगळ्या अटी मांडलेली पत्रकं, वाचायला बसले. ती कंटाळवाणी असतात, पण सगळं मर्म तिथेच असतं. हळूहळू दिसत गेलं की प्रत्येक कागद वेगळ्या दराला बांधलेला आहे. एकाचा भाव दीर्घ मुदतीच्या रोख्यांच्या दरावर हलतो, दुसऱ्याचा लाभांश पाच वर्षांच्या सरकारी रोख्यावर ठरतो, तिसऱ्याचा तीन महिन्यांच्या ट्रेझरी बिलावर, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जावर. कन्व्हर्टिबल तर बऱ्याचदा व्याजदरापेक्षा कंपनीच्या शेअरकडेच बघत असतो. म्हणून मी एक वही केली आणि प्रत्येक कागदाच्या पानावर सर्वात वर लिहिलं: कोणता दर, आणि कोणत्या तारखेला?

सुरुवात बिनमुदतीच्या, ठरावीक लाभांशाच्या प्रेफरन्स शेअरपासून केली, कारण त्याचं गणित सरळ आहे. दर्शनी किंमत १०० आणि वर्षाला लाभांश ५ असं धरू. बाजाराला ५ टक्के पुरत असतील तर भाव १००. बाजार ६ टक्के मागू लागला की भाव ८३ च्या आसपास, ७ टक्के मागितले तर ७१. मुद्दल परत करायची तारीखच नसल्यामुळे भावाला पुन्हा १०० कडे ओढणारं काही नसतं. दर ४ टक्क्यांवर आले तर भाव १२५ व्हायला हवा, पण होत नाही. कंपनीकडे ठरावीक तारखेनंतर १०० देऊन शेअर परत घेण्याचा हक्क असतो आणि स्वस्तात पैसे मिळत असतील तर ती तो वापरणारच. म्हणजे वर छप्पर आहे आणि खाली जमीन नाही. हे कळल्यावर मी स्वतःला एक नियम घालून घेतला: असा शेअर दर्शनी किमतीच्या वर कधीच घ्यायचा नाही, चांगला खाली मिळाला तरच घ्यायचा.

रीसेट शेअर या सगळ्याच्या उलट वागतो. कॅनडाच्या बाजारात हे २००८ पासून आहेत आणि तिथे त्यांची मोठी गर्दी आहे. दर पाच वर्षांनी लाभांश नव्याने ठरतो: त्या दिवशीचा पाच वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर, अधिक कागदावर लिहिलेला कायमचा स्प्रेड, म्हणजे त्या दरावरची ठरलेली जादा टक्केवारी. स्प्रेड अडीच टक्के असेल आणि सरकारी दर १ टक्का, तर लाभांश साडेतीन. पाच वर्षांनी सरकारी दर साडेतीन झाला तर लाभांश ६. आणि तो अर्ध्या टक्क्यावर घसरला तर लाभांश ३. म्हणजे या शेअरधारकाला दर वाढलेले हवे असतात. २०१५ मध्ये बँक ऑफ कॅनडाने जानेवारीत आणि जुलैत दर कापले, १ टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आणले, तेव्हा हे शेअर जोरात आपटले. ‘दर उतरले की चढतात’ या समजुतीवर विसंबलेल्यांना ते वर्ष फार जड गेलं.

लाभांश दर्शनी किमतीवर मोजला जातो, आपण दिलेल्या भावावर नाही. ७० ला घेतलेल्या शेअरवर ६ मिळाले तर हातात साडेआठ टक्के पडतात. कमी स्प्रेडचे शेअर दर तळाला असताना कोणी विचारत नाही, ते यामुळेच मला आवडले. जास्त स्प्रेडचा शेअर दिसायला देखणा, पण रीसेटच्या दिवशी कंपनीला बाजारात स्वस्त पैसा मिळत असेल तर ती १०० हातावर ठेवून तो परत घेते. १०३ ला घेणाऱ्याचे ३ तिथेच जातात.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेचं फेडरल रिझर्व्ह आणि बँक ऑफ कॅनडा दोघांनीही दर वाढवायला घेतले. फेडचा दर शून्य ते पाव टक्क्यावरून जुलै २०२३ पर्यंत सव्वापाच ते साडेपाचवर गेला, कॅनडाचा पाव टक्क्यावरून ५ वर. या काळात माझ्या वहीतली पानं अगदी वेगवेगळी वागली. बिनमुदतीचे शेअर खाली गेले, हे अपेक्षित होतं. रीसेट शेअरचे भावही उतरले, कारण बाजार सगळ्यांकडूनच जास्त परतावा मागत होता, पण ज्यांची रीसेट तारीख जवळ होती त्यांच्या लाभांशात खरी वाढ दिसू लागली.

अशाच एका शेअरची नोटीस आली. स्प्रेड अडीच टक्के, पाच वर्षांचा सरकारी दर साडेतीनच्या आसपास, म्हणजे नवा लाभांश ६. सोबत एक पर्याय: हवं तर हा शेअर बदलून त्याच कंपनीचा फ्लोटिंग शेअर घ्या, ज्याचा लाभांश दर तिमाहीला ट्रेझरी बिलाच्या दराप्रमाणे बदलतो, स्प्रेड तोच. तेव्हा दरांची कमान उलटी झालेली होती, म्हणजे छोट्या मुदतीचा दर मोठ्या मुदतीच्या दरापेक्षा जास्त होता. तीन महिन्यांचा दर ५ टक्के, म्हणजे फ्लोटिंगवर साडेसात. घ्यावा असाच आकडा. पण तो साडेसात फक्त पहिल्या तिमाहीचा होता. पुढच्या पाच वर्षांत ट्रेझरी बिलाचा सरासरी दर साडेतीनच्या वर राहिला तरच फ्लोटिंग सरस, आणि तो अडीचवर आला तर लाभांश ५. पाच वर्षांचा रोखा साडेतीनवर उभा होता, म्हणजे बाजार पुढे दरकपातच धरून चालला होता. आईला दर तिमाहीला किती येणार ते आधी माहीत हवं, म्हणून मी ६ ठरावीकच ठेवले. एक बारीक गोष्ट: कंपनीच्या नोटिशीतल्या तारखेच्या आधीच ब्रोकरची मुदत संपते. आणि पुरेशा शेअरधारकांनी फ्लोटिंग मागितला नाही तर ती मालिका निघतच नाही, सगळे आहे तिथेच राहतात.

कन्व्हर्टिबल डिबेंचरला मला सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागला आणि तो सत्कारणी लागला. १००० दर्शनी किंमत, ६ टक्के व्याज, तीन वर्षं बाकी, रूपांतर किंमत २०. म्हणजे एका डिबेंचरचे ५० शेअर होतात. शेअर १४ ला असेल तर रूपांतराचं मूल्य ७००, सध्या कामाचं नाही. मग पाहायचं की रूपांतराची सोय नसलेला, त्याच कंपनीचा असाच रोखा बाजारात किती टक्के देतो. ८ देत असेल तर या कागदाचं निव्वळ कर्जरोखा म्हणून मोल ९४८ च्या आसपास. बाजारात तो ९७० ला मिळाला, तर वरचे २२ शेअर चढण्याच्या आशेचे. बाजाराचा दर ८ वरून १० झाला तरी रोख्याचं मोल ९०० च्या आसपास राहतं, कारण तीन वर्षांनी १००० परत यायचे आहेत. दोन टक्क्यांच्या तशाच वाढीत बिनमुदतीचा प्रेफरन्स शेअर १०० वरून ७१ वर गेला होता. दर वाढत असताना मला धीर दिला तो या मुदतीच्या तारखेने. म्हणून त्या दोन वर्षांत नवा पैसा मी जास्त करून दोन-तीन वर्षं उरलेल्या डिबेंचरमध्ये घातला.

पण अटी ओळ न ओळ वाचाव्या लागतात. ही डिबेंचर बहुतेक विनातारण असतात आणि बँकांचं कर्ज त्यांच्या आधी फेडलं जातं. काहींत मुदतीच्या शेवटी रोख रकमेऐवजी शेअर देण्याची मुभा कंपनीला असते, साधारणपणे २० दिवसांच्या सरासरी भावाच्या ९५ टक्क्यांनी. कंपनी अडचणीत असेल नेमकं तेव्हाच ती मुभा वापरली जाण्याची भीती असते, म्हणून असे कागद मी शक्यतो टाळले. याशिवाय सक्तीच्या परतफेडीचं कलम असतं: शेअर रूपांतर किमतीच्या सव्वापट झाला की कंपनी ‘१००० घ्या किंवा रूपांतर करा’ अशी नोटीस काढू शकते. शेअर २६ ला असेल तर रूपांतराचे १३०० होतात. मुदतीत अर्ज गेला नाही तर हातात फक्त १००० आणि साचलेलं व्याज. माझ्या एका डिबेंचरवर अशी नोटीस आली तेव्हा मी ब्रोकरच्या कार्यालयात फोन करून अर्ज नोंदवला गेल्याचं लेखी मागून घेतलं. नुसत्या ‘हो, झालंय’ वर मी थांबले नाही.

दर वाढण्याचा आणखी एक वाईट परिणाम असतो आणि तो भावाच्या गणितात दिसत नाही. दर वाढले की कमी दराने दीर्घ मुदतीची कर्जं देऊन बसलेल्या बँकांची बाजू लंगडी होते. १ मे २०२३ रोजी अमेरिकेत फर्स्ट रिपब्लिक बँक सरकारी यंत्रणेने ताब्यात घेऊन जेपी मॉर्गनला विकली. ठेवीदार सुखरूप राहिले, पण प्रेफरन्स शेअर जेपी मॉर्गनने आपल्याकडे घेतलेच नाहीत. नावात ‘प्रेफरन्स’ असला तरी हा हक्क फक्त साध्या शेअरधारकाच्या आधीचा आहे, सगळ्या कर्जांच्या नंतरचा. शिवाय बँकांच्या प्रेफरन्स शेअरचा लाभांश बहुधा साचत नाही, चुकला तो कायमचा गेला. मी ती पानं पुन्हा उघडली आणि कोणत्याही एका बँकेतला वाटा वाढू द्यायचा नाही हे पक्कं केलं.

खरेदीबद्दल थोडक्यात. या कागदांत उलाढाल तोकडी असते, काही दिवस एकही व्यवहार होत नाही. विकणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या भावात एक-दोन टक्क्यांचं अंतर सहज असतं. म्हणून नेहमी लिमिट ऑर्डर, म्हणजे आपण ठरवलेल्या भावाच्या वर न घेणारी, आणि घाई नाही. डिबेंचर घेताना मागच्या हप्त्यापासूनचं साचलेलं व्याज वेगळं द्यावं लागतं, ते हिशोबात धरलं. लाभांश आणि व्याज यांवरचा कर बऱ्याच ठिकाणी वेगवेगळा असतो, तेव्हा तुलना कर वजा करूनच केली.

मग कपात सुरू झाली. बँक ऑफ कॅनडाने जून २०२४ मध्ये, फेडने सप्टेंबरमध्ये, तीही थेट अर्ध्या टक्क्याने. आता बिनमुदतीचे शेअर धावणार असं सगळे म्हणत होते. मी वही उघडली. त्या पानावर दीर्घ मुदतीचा दर लिहिलेला होता, फेडचा नव्हता. आणि झालंही तसंच: फेड कापत असताना अमेरिकेच्या दहा वर्षांच्या रोख्याचा दर सप्टेंबरमधल्या ३.६ वरून जानेवारी २०२५ मध्ये ४.८ च्या आसपास चढला. कपातीच्या बातमीवर मी काही घेतलं नव्हतं. जानेवारीत भाव उतरल्यावर थोडे घेतले.

सध्या लक्ष माझ्या दुसऱ्या एका रीसेट शेअरवर आहे. त्याचा स्प्रेड सव्वाचार टक्के असल्यामुळे कंपनी तो परत घेईल असंच मी धरून चालले आहे, म्हणून भाव १०० च्या वर गेल्यापासून त्यात भर घातलेली नाही. ते पैसे आले की अर्धे बिनमुदतीच्या शेअरमध्ये, ८५ च्या खालच्या लिमिटने, आणि अर्धे दोन-तीन वर्षं उरलेल्या एखाद्या डिबेंचरमध्ये, शेवटी रोख परत देणाऱ्या. आईच्या एका वर्षाच्या खर्चाची रक्कम मुदत ठेवीतच आहे आणि तिथेच राहील.