चार फुटांची टाकी, महिना सातवा: पिवळ्या बाईचं राज्य

आज सकाळी कॉकाटू माशांची पिल्लं एकदाची मोजली. छोट्या टाकीत हलवली होती म्हणून जमलं. सतरा निघाली आणि त्यातले तेरा तरी नर. पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांबायला लागलेत, शेपटीवर केशरी झाक आहे. दोष माझ्या हीटरचा असावा. अपिस्टोग्रामात (कॉकाटू ही या छोट्या माशांतलीच एक जात) पिल्लू नर होणार की मादी, हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या तापमानावर बरंच अवलंबून असतं. पाणी गरम असलं तर नर जास्त. रोमर आणि बायझेनहर्ट्झ या संशोधकांनी १९९६ मध्ये हे दाखवलंय. मी वाचलंही होतं. पण फेब्रुवारीत त्याच टाकीत रॅम या दुसऱ्या माशाची जोडी होती, रॅमला थंडी सोसत नाही, म्हणून काटा २९ वर. दोन जाती एका पाण्यात ठेवल्या की कुणाच्या तरी मनासारखं होत नाही, ते असं.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी: तळ ४८ बाय १८ इंच, उंची १५. काठोकाठ भरली तर २१२ लिटर, पण वाळू आणि लाकूड वजा जाता १८० धरा. पुण्याचं नळाचं पाणी, माझ्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शंभराच्या आतबाहेर. डावीकडे कॉकाटू, एक नर आणि तीन माद्या. उजवीकडे रॅम. वर पंधरा रमीनोज टेट्रा मासे. उंची मुद्दाम कमी ठेवली. ही मंडळी तळालाच जगतात, वरचं पाणी त्यांच्या लेखी आकाश.

डिसेंबरातली चूक अजून टोचते. अगासिझीची (अपिस्टोग्रामाचीच दुसरी जात) जोडी दिसली आणि हात आवरला नाही. नर सुरेख होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण माद्या! कॉकाटूची मादी आणि अगासिझीची मादी पिशवीतून सोडल्यावर अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांना सारख्याच दिसायला लागल्या. मला कळत नाही ते ठीक, कॉकाटूच्या नरालाही कळेना. तिसऱ्या दिवशी तो भलत्याच बाईसमोर पर पसरून नाचत होता. मिश्र पिल्लं जन्माला घालून ती कुणाच्या तरी गळ्यात मारायची माझी तयारी नव्हती. जोडी दोन फुटी टाकीत गेली. तेव्हापासून माझा नियम: एका टाकीत अपिस्टोची एकच जात, सोबत हवी तर अपिस्टो नसलेली. रॅम अपिस्टोसारखा गुहेत अंडी घालत नाही, सपाट दगडावर उघड्यावर घालतो, त्यामुळे निदान घरावरून भांडण होत नाही.

गुहा म्हणजे करवंट्या. ओल्या नारळाची अर्धी करवंटी, काथ्या खरवडून, दोनदा उकळून, कडेला हॅकसॉनं एक खाच. खाच किती मोठी हे महत्त्वाचं. पहिल्या करवंटीत नर आरामात शिरत होता, ती कुणीही घेतली नाही. दुसरीची खाच अंगठ्याएवढी केली, नराचं डोकं अडकायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मादीनं ताबा घेतला. बाकी तळावर बदामाची वाळलेली पानं. सोसायटीतल्या झाडाखाली ढीगभर पडतात. वॉचमन काका आधी विचारायचे, "साहेब, पानं कशाला?" आता स्वतःच चांगली निवडून बाजूला ठेवतात. ज्या झाडावर औषध फवारलं असेल त्याची मात्र घेऊ नका.

फेब्रुवारीत ही मोठी मादी चार दिवस दिसली नाही. पाचव्या दिवशी बाहेर आली ती लिंबासारखी पिवळी, पोटाखालचे पर काळे कुळकुळीत, आणि मागे डासाच्या अळ्यांएवढ्या ठिपक्यांचा ढग. त्या दिवसापासून अर्धी टाकी तिची. नर तिच्या दुप्पट, पण तोही ड्रिफ्टवुडच्या पलीकडे हाकलला गेला. इतके महिने मी नरांवर नजर ठेवून होतो, कोण कुणाला मारतोय म्हणून. हद्द आखत होती ती ही दीड इंचाची बाई.

एका रात्री दिवा बंद केल्यावर मोबाइलचा उजेड भिंतीवर टाकून बघत बसलो. ती अंगाला एक झटका द्यायची, पोटाखालचे पर फडफडवायची, की सगळी पिल्लं वाळूला चिकटून गप्प. मग मागे राहिलेली तोंडात भरायची, करवंटीपाशी जाऊन आत थुंकायची, परत फिरायची. दहा-बारा खेपा. चहा गार झाला, उठवलं नाही.

कोरीडोरास या तळाशी चरणाऱ्या छोट्या माशांचं मात्र काही चाललं नाही. कोरीला हद्द कळतच नाही. मार खातो, दोन मिनिटांनी त्याच रस्त्यानं परत येतो. एकाच्या डोळ्याला इजा झाली तेव्हा सहाही काढले. तळ सिक्लिडला (कॉकाटू, रॅम या कुळातले) दिला तर तिथे दुसरा भाडेकरू नको.

तिसऱ्या क्रमांकाची मादी फिल्टरच्या पाइपमागे, पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात लटकलेली सापडली, शेपटी फाटलेली. तळाचा मासा वर दिसला की समजायचं, हरला. तिलाही हलवलं. आता एक नर, दोन माद्या.

रॅमबद्दल सांगण्यासारखं थोडंच. आधीची इलेक्ट्रिक ब्लू जोडी दोन आठवड्यांत गेली. आताची साधी निळी जोडी टिकलीय. तीनदा अंडी घातली, तिन्ही वेळा सकाळपर्यंत स्वतःच खाल्ली.

पाणी आठवड्याला चौथा हिस्सा, बुधवारी. गुरुवारी दुरुस्तीसाठी नळ बंद राहिला की पंचाईत नको. पिल्लांना खायला आर्टेमिया, म्हणजे अंड्यांतून काढलेले बारीक कोळंबीसारखे जीव, सोड्याच्या बाटलीत. फेब्रुवारीत बाटली टाकीच्या झाकणावर ठेवली तर चोवीस तासांत फुटायचा, खाली ठेवली की छत्तीस.

जाता जाता: गोव्याच्या बाजारातला कालुंदरही सिक्लिडच. मामीला सांगितलं तर म्हणाली, "मग तुझे हे केवढे होणार?"

सध्या पाऊस आहे, हीटर बंद, पाणी २६ वर. या तापमानात माद्या किती निघतात ते बघायचं होतं. आज संध्याकाळी धाकटी मादी पिवळी पडायला लागलीय. करवंटी मात्र तिनं उजवीकडची निवडलीय, रॅमच्या दगडापासून वीतभर अंतरावर. मधे एक लाकूड आडवं टाकलंय.