हॅरल्ड बड, जोडीजोडीने: ऐकण्याच्या वहीतल्या नोंदी

अमेरिकन संगीतकार आणि पियानोवादक हॅरल्ड बडला सालवार ऐकण्याचा बेत बारगळला, हे आधीच कबूल करतो. १९७० पासून २०२० पर्यंत ओळीने जायचं, आठवड्याला एक अल्बम, असं ठरवलं होतं. १९८४ च्या ‘द पर्ल’पर्यंत पोचलो आणि लक्षात आलं की मी ऐकतोय कमी, हजेरी घेतोय जास्त. सालवार ऐकलं की कान प्रगती शोधायला लागतात: इथे काय नवीन केलं, इथून पुढे कुठे गेला. बडच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे. तळ्याला कोणी विचारत नाही की बाबा, तू कुठवर आलास.

नवीन पद्धत सापडली ती अपघाताने.

१९८६ चे दोन अल्बम, ‘लव्हली थंडर’ आणि ‘द मून अँड द मेलडीज’, एकाच यादीत टाकून प्लेअर शफलवर ठेवला होता आणि मी दुसरंच काहीतरी करत होतो. ‘द मून अँड द मेलडीज’वरचं ‘मेमरी गाँग्ज’ संपलं. पुढचा ट्रॅक सुरू झाला आणि मला वाटलं, प्लेअर अडकला, तोच ट्रॅक परत लागला. उठून पाहिलं तर पडद्यावर ‘फ्लॉवर्ड नाइफ शॅडोज’. मग दोन्ही एकामागून एक चार वेळा ऐकले. तीच चाल, तसेच खोल प्रतिध्वनीत बुडालेले पियानोचे स्वर. एकाच रचनेला दोन घरं आणि दोन नावं. ‘लव्हली थंडर’वर तर ती सायमन रेमंडला, म्हणजे बडने ज्यांच्यासोबत दुसरा अल्बम केला त्या कॉक्टो ट्विन्स बँडमधल्या माणसाला, अर्पण केलेली आहे, म्हणजे लपवाछपवीचा प्रश्नच नाही. तुमच्यातल्या जुन्या मंडळींना हे ठाऊक असणार. मला नव्हतं, आणि आपलं आपल्याला सापडल्याचा आनंद काही वेगळाच.

पण खरी गंमत पुढे आहे. हे दोन ट्रॅक मला सारखे वाटतात, तरी सारखे ऐकू येत नाहीत. ‘द मून अँड द मेलडीज’वर आठ ट्रॅक, त्यातल्या निम्म्यांवर त्याच बँडची गायिका एलिझाबेथ फ्रेझर गाते. सुरुवातच ‘सी, स्वॉलो मी’ने होते. एकदा तो आवाज कानात बसला की ‘मेमरी गाँग्ज’ ऐकताना आपण नकळत तिची वाट पाहत राहतो. आता येईल, आता येईल. ती येत नाही. त्या वाट पाहण्याने पियानोच्या दोन स्वरांमधली जागा ताणली जाते. ‘लव्हली थंडर’वर वाट पाहायला कोणीच नाही, तिथे त्याच जागा नुसत्या मोकळ्या आहेत. म्हणजे फ्रेझर या ट्रॅकवर एक सूरही न लावता हजर आहे.

हे लिहिलं त्या रात्री सालवार यादी फाडली. आता जोड्या लावून ऐकतोय: तोच माणूस, तीच चाल किंवा तीच कल्पना, पण घर वेगळं.

(‘द मून अँड द मेलडीज’ शोधताना होणारा घोळ नव्यांसाठी सांगून ठेवतो. पाठीशी कॉक्टो ट्विन्स असले तरी मुखपृष्ठावर बँडचं नाव नाही. बड, फ्रेझर, गथ्री, रेमंड अशी चार माणसांची चार नावं आहेत. त्यामुळे बँडच्या नावाखाली शोधणाऱ्याच्या हातून तो कित्येकदा निसटतो.)

जोडी दुसरी: मॅरियन ब्राउन

या जोडीने माझे तीन आठवडे खाल्ले, आणि परत खाल्ले तरी तक्रार नाही.

‘द पॅव्हिलियन ऑफ ड्रीम्स’ आपल्या सगळ्यांकडे आहे. १९७८, ब्रिटिश संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोच्या ऑब्स्क्युअर मालिकेतली दहावी आणि शेवटची तबकडी. तिची पहिली रचना ‘बिस्मिल्लाहि ‘र्रहमानि ‘र्रहीम’ अठरा मिनिटांच्या वर चालते आणि तिच्यात आल्टो सॅक्सोफोन जॅझवादक मॅरियन ब्राउनचा आहे. माझी इतकी वर्षांची समजूत अशी, की ईनोने बडला शोधलं, बडने ब्राउनला बोलावलं आणि हे जमून आलं.

उलटं आहे. ब्राउनने हीच रचना आधी स्वतःच्या अल्बमवर घेतली होती. इम्पल्स लेबलवरचा ‘व्हिस्टा’, साल १९७५. वादकांच्या यादीत बडचं नाव आहे, पण पियानोवर नाही. त्याने तिथे सेलेस्टा आणि गाँग वाजवलाय! सेलेस्टा म्हणजे आतल्या धातूच्या पट्ट्यांवर हातोड्या पडून किणकिणणारं, पियानोसारख्या पट्ट्यांचं वाद्य. ब्राउन हा फ्री जॅझच्या, म्हणजे ठरलेले साचे झुगारणाऱ्या जॅझच्या, आगीतून आलेला माणूस. ‘व्हिस्टा’वर तो कमालीचा मवाळ वाजवतो, आणि त्याच अल्बमवर स्टीव्ही वंडरचं ‘व्हिजन्स’ही आहे.

दोन्ही लागोपाठ ऐका. ‘व्हिस्टा’वर रचना आटोपशीर आहे. सॅक्सोफोन पुढे, बाकीचे मागे, आणि चालीला एक दिशा आहे. जॅझचा श्रोता ओळखेल की हे बॅलड, म्हणजे संथ, भावुक चाल, आहे. ‘पॅव्हिलियन’वर हार्प, घंटानाद, इलेक्ट्रिक पियानो यांचं एक धुकं सतत उकळत राहतं आणि ब्राउन त्यातून वर येतो, परत बुडतो. सूर तेच. फक्त तो पुढचा माणूस राहिलेला नाही. बडला जॅझ बाहेरून माहीत होतं असंही नाही. लष्करात असताना तो बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्याच बँडमध्ये अल्बर्ट आयलर होता. हे वाचल्यावर मी खुर्चीतच सरळ झालो होतो. सबंध जगातला सर्वांत हळू वाजवणारा पियानोवाला आणि सर्वांत आक्रंदून वाजवणारा सॅक्सोफोनवाला एका रांगेत परेड करतायत.

ही जोडी इथेच संपली असं समजून वही मिटली होती. ती परत उघडावी लागली, पण ते शेवटी.

झटपट नोंदी

कॉक्टो ट्विन्सच्या गिटारवाल्या रॉबिन गथ्रीसोबतचे २००७ चे जुळे, ‘बिफोर द डे ब्रेक्स’ आणि ‘आफ्टर द नाइट फॉल्स’. इथे जोड्या लावायचं काम त्यांनीच करून ठेवलंय. एकावर ‘हाउ क्लोज युअर सोल’, तर दुसऱ्यावर ‘हाउ डिस्टंट युअर हार्ट’. एकावर ‘टर्न ऑन द मून’, दुसऱ्यावर ‘टर्न ऑफ द सन’. शीर्षकांचा हा खेळ गोड आहे, पण कानाला तितकी जोडी जाणवत नाही. मी डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न केला आणि सपशेल नापास झालो. दोन्ही मिळून एक दीड तासाचा अल्बम समजा आणि सोडून द्या. गथ्रीच्या गिटारीची चमक इथे इतकी सारखी पसरलेली आहे की बडला थांबायला जागाच उरत नाही, आणि थांबणं हाच तर त्याचा हातखंडा.

ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक संगीतकार जॉन फॉक्ससोबतचा २००३ चा दुहेरी संच. ‘ट्रान्सल्यूसन्स’वर पियानो आहे, ‘ड्रिफ्ट म्युझिक’वर पियानोची वाफ. माझा एक ऐकणारा मित्र दुसऱ्या तबकडीवर जीव टाकतो, झोपताना तीच लावतो. माझं मत पहिलीच्या बाजूने. वाफेत कोणाचाही पियानो चालला असता, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, मग तू ती नीट ऐकलीच नाहीस. असेल. परत ऐकेन.

‘म्युझिक फॉर थ्री पियानोज’, १९९२, रूबेन गार्सिया आणि डॅनियल लेंट्झसोबत. छोटासा आहे, चहा गार व्हायच्या आत संपतो. तीन माणसं, तीन पियानो, आणि कोणता हात कोणाचा हे सांगून दाखवा. मी पैज हरायला तयार आहे. या यादीतल्या कमी ऐकल्या जाणाऱ्या तबकड्यांपैकी एकच घ्यायची असेल तर ही घ्या.

अँडी पार्ट्रिजसोबतचा ‘थ्रू द हिल’, १९९४. एक्सटीसीसारख्या चपळ पॉप बँडचा माणूस इथे काय करणार, असं वाटतं. तो शीर्षकं करतो, असं माझं अर्धं गमतीचं उत्तर. भूगोल, वास्तू आणि अवशेष अशा तीन भागांत हरवलेल्या संस्कृतीचं संग्रहालय मांडलंय. संगीत त्या नावांइतकं विक्षिप्त नाही, याची जरा हळहळ वाटते.

जोडी, जिच्यातला एकजण दिसत नाही

‘द पर्ल’चे निर्माते ईनो आणि डॅनियल लान्वा. १९८० च्या ‘द प्लॅटोज ऑफ मिरर’सारखीच इथेही पद्धत अशी की बड सुचेल ते वाजवी आणि त्या स्वरांवर प्रक्रिया होई. स्वराची सुरुवात पियानोची, पण त्याची आस, म्हणजे आघातानंतर मागे रेंगाळणारा नाद, दुसऱ्याच कुठल्या वाद्याची. आपल्याकडे ‘आस’ हा नेमका शब्द आहे आणि बडबद्दल बोलताना तो मला फार उपयोगी पडतो. आघात बडचा, आस ईनो-लान्वाची. ही वाटणी इतकी स्वच्छ आहे की या दोन अल्बमांवर मला ‘बडचा अल्बम’ म्हणणंही जड जातं.

याच्या शेजारी २००३ चा ‘ला बेला व्हिस्ता’ ठेवा. तोच लान्वा, पण इथे प्रक्रिया नाही, सजावट नाही. लॉस एंजेलिसच्या एका घरात बड पियानोवर बसलाय आणि लान्वाने त्याला न सांगता रेकॉर्डिंग चालू ठेवलंय. मी आधी यावर नाक मुरडलं होतं: न विचारता टिपणं हे बरं की वाईट? पण तबकडी बडच्याच नावाने निघाली, तेव्हा आपण कशाला काझी व्हायचं.

ऐकताना काय जाणवतं ते लिहून ठेवतो. एक, तो चक्क वेगात वाजवतो. म्हणजे बडच्या हिशेबाने. दोन, एखादी चाल सुरू करतो, ती दुसऱ्या कुठल्या आठवणीकडे वळते आणि पहिलीकडे तो परत येत नाही. बाकीच्या अल्बमांवर तो परत येतो, कारण तिथे रचना ऐकवायची आहे. तीन, आस. खरी, लाकडातारेची, तिच्या वेळी विझणारी. ‘द पर्ल’वर आस विझतच नाही, म्हणून तिथे पुढचा आघात कधीही चालतो. इथे त्याला आस विझायच्या आत ठरवावं लागतं. मला वाटतं वेग आलाय तो यामुळेच. उगाच घाई म्हणून नव्हे.

हेडफोन काढून ऐकू नका. एकदा ‘अबँडन्ड सिटीज’च्या वेळी मी ती चूक केली. दोनच लांबलचक, काळोख्या रचना, प्रत्येक वीस मिनिटांच्या वर. आवाज बारीक ठेवून स्पीकरवर लावली आणि पंधरा मिनिटं तन्मयतेने ऐकली. मग कळलं की तबकडी सुरूच झालेली नव्हती. फ्रिज होता.

एकट्याच्या तबकड्या

जोड्यांच्या मध्ये मध्ये एकट्या बडकडे जायचं असा नेम केलाय, म्हणजे मोजपट्टी हाताशी राहते. १९८१ चा ‘द सर्पंट (इन क्विकसिल्व्हर)’ त्यासाठी उत्तम, कारण तो छोटा आहे आणि ईनो आसपास नाही. तरी पूर्ण एकटा नाहीच: ‘अफार’ या ट्रॅकवर चॅस स्मिथची पेडल स्टील गिटार आहे. सूर एकमेकांत घरंगळत जाणारं हे कंट्री संगीताचं वाद्य इथे वाळवंट उभं करतं. बडचं लहानपण मोहावी वाळवंटातल्या व्हिक्टरव्हिलमध्ये गेलं. तो ट्रॅक ऐकताना हे माहीत असलेलं बरं, नसलं तरी उन्हाची तिरीप लागतेच.

आणि अगदी मुळाशी ‘द ओक ऑफ द गोल्डन ड्रीम्स’, १९७०. कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेतल्या बुक्ला सिंथेसायझरवर केलेली. खाली एकच अखंड आधारस्वर आणि वर एका सप्तकात वळवळणारी सुरावट, जवळजवळ सनईसारखी. यानंतर तो कमी करत करत इतका कमी झाला की काही काळ त्याने रचना करणंच थांबवलं. १९७२ च्या ‘मॅड्रिगल्स ऑफ द रोज एंजल’पासून परत सुरुवात झाली. ज्यांना बड ‘नुसता गोड’ वाटतो त्यांना ही तबकडी आधी ऐकवा. हा गोडवा त्याने रिकाम्या पाटीवर, समजून उमजून आणलेला आहे.

थांबण्याची त्याला सवयच होती म्हणा. २००४ चा ‘अव्हलॉन सूत्र’ हा आपला शेवटचा अल्बम असं जाहीर झालं होतं. त्यानंतर गथ्रीसोबतचेच निदान अर्धा डझन निघाले. ‘अव्हलॉन सूत्र’ची दुसरी तबकडी मात्र सोडू नका. संगीतकार अकिरा राबेलेने पहिलीवरच्या सामग्रीतून ताणून काढलेला सुमारे ७० मिनिटांचा एकच पट. जोडी म्हणून मोजायची का, यावर माझा निर्णय अजून झालेला नाही.

परत ब्राउन

आता ती उघडलेली वही. ‘लक्सा’, १९९६, एकट्याचा अल्बम. काही ट्रॅकना कलावंतांची नावं दिलीत: सर्ज पोलियाकॉफ, अ‍ॅग्नेस मार्टिन, अनिश कपूर. मी या यादीकडे कौतुकाने पाहत खाली आलो, आणि शेवटून दुसरा ट्रॅक निघाला ‘मॅरियन ब्राउन्स स्वीट अर्थ फ्लाइंग’.

‘स्वीट अर्थ फ्लाइंग’ हा ब्राउनचा १९७४ चा अल्बम, ‘व्हिस्टा’च्या जेमतेम आधीचा. म्हणजे १९७५ मध्ये ब्राउनने बडची रचना आपल्या अल्बमवर घेतली, आणि एकवीस वर्षांनी बडने ब्राउनची रचना आपल्या अल्बमवर घेतली. या खेपेला सॅक्सोफोन नाही. तो जिथे असायला हवा तिथे बड जागा सोडतो, आणि मी परत ‘मेमरी गाँग्ज’सारखा वाट पाहत बसलो.

ब्राउनचा मूळ अल्बम काल मिळवलाय. उद्या रात्री दोन्ही लागोपाठ. त्यानंतर फ्रेंच संगीतकार हेक्टर झाझूसोबतचा ‘ग्लिफ’, मग गिटारवादक क्लाइव्ह राइटसोबतचे अल्बम. आणि हो, ‘ड्रिफ्ट म्युझिक’ पुन्हा एकदा, मित्राला शब्द दिलाय.