आमची वाटचाल : बोकडाच्या मटणाचा यीरोस

यीरोस, म्हणजे उभ्या फिरत्या सळईवर भाजून कापलेल्या मांसाचा ग्रीक पदार्थ, घरच्या ओव्हनमध्ये करता येतो, आणि डुकराचे मांस किंवा गोमांस न वापरता आपल्या ओळखीच्या बोकडाच्या मटणाचाही तो उत्तम होतो, हे मेलबर्नमधल्या मराठी घरांना प्रथम आम्ही दाखवले. हे वाक्य मी विचारपूर्वक लिहीत आहे, कारण गेली काही वर्षे दुसऱ्याच एका विक्रेत्याच्या अशाच यीरोसच्या पाकिटावर ‘पहिला’ हा शब्द छापला जात आहे.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. मेलबर्नमध्ये ओकलीसारख्या ग्रीक वस्तीजवळ घर घेतल्यावर माझ्या यजमानांनी आणि मी शनिवारच्या बाजारात चिकन यीरोसची गाडी सुरू केली. या शहरात बहुतेक दुकानदार त्याला सुव्लाकी म्हणतात, ॲडलेडमध्ये यीरोसच म्हणतात, आणि आपले लोक सर्रास ‘गायरो’ म्हणतात. आमच्या शेजारी राहणाऱ्या, थेसालोनिकीहून तरुणपणी आलेल्या ग्रीक आजींनी, ज्यांना आम्ही सगळे ‘याया’ म्हणतो, पहिल्याच दिवशी माझा उच्चार सुधारला होता. यीरोस म्हणजे फिरणे किंवा वळसा. तुर्कांच्या ‘डोनर’ या शब्दाचा अर्थही तोच. 1922 नंतर आशिया मायनरमधून ग्रीसमध्ये आलेल्या निर्वासितांबरोबर उभ्या सळईवर मांस भाजण्याची ही रीत तिकडे पोहोचली, हे मला यायांनी स्वतःच्या आईचे उदाहरण देऊन सांगितले.

गाडीची ती वर्षे बरी गेली. मग 2020 साल आले. ऑगस्टच्या सुरुवातीला मेलबर्नवर रात्रीची संचारबंदी आणि घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा लागू झाली, आमचा बाजार बंद झाला, आणि गॅसचे यंत्र गॅरेजमध्ये झाकून ठेवावे लागले. माणसांना बाहेर पडता येत नसेल तर सळईच त्यांच्या घरी पाठवावी, हा विचार माझ्या यजमानांचा. त्यांनी एका लोहारकाम करणाऱ्या मित्राकडून 22 सेंटिमीटर व्यासाची, काठ उचललेली पोलादी ताटली आणि तिच्या मध्यभागी फिरवून बसवायची 20 सेंटिमीटर उंचीची सळई करून घेतली. पहिल्या सळया आठ मिलिमीटर जाड होत्या. त्यांनी मांस फाटत असे, म्हणून पुढे सहावर आलो. ताटलीचा काठ उंच हवा, कारण सुटणारी चरबी ओव्हनच्या तळाशी गेली की धूर होतो आणि घरातला गजर वाजू लागतो. ज्यांच्याकडे अशी सळई नाही त्यांनी अर्धा कांदा चिरलेली बाजू खाली करून ठेवावा आणि त्यात लाकडी काडी उभी रोवावी. चिकनच्या मांडीचे पातळ काप त्यावर चढवले तरी काम होते. छातीचे मांस मात्र वापरू नये, ते कोरडे पडते. टर्कीच्या मांडीलाही हाच नियम लागू आहे, आणि दोन्हींच्या मध्यभागी तापमान 74 अंश सेल्सिअस झाले आहे का, हे तापमापकाने पाहावे, अंदाजाने नव्हे.

आमच्या गिऱ्हाइकांना खरी हौस होती ती मटणाची, आणि इथे पहिला गोंधळ शब्दाचा होता. आपण मटण म्हणतो तेव्हा बोकड डोळ्यांसमोर असतो, आणि इथला खाटीक मटण म्हटले की म्हातारी मेंढी देतो. मेलबर्नच्या डँडनाँग उपनगरातल्या एका अफगाण खाटकाने मला खांदा, मांडी आणि मान वेगवेगळी करून दाखवली, आणि पुढे तोच आमचा भागीदार झाला. त्यांना आम्ही भाई म्हणतो. व्हिक्टोरिया राज्यात मांसपदार्थांसाठी तेव्हा प्राइमसेफ या सरकारी मांस-सुरक्षा संस्थेचा परवाना लागत असे. तो भाईंच्या दुकानाकडे होता, म्हणून आमची पाकिटे त्यांच्या शीतगृहाशेजारच्या खोलीत बनू लागली. भाईंशिवाय हा धंदा उभा राहिला नसता, हे मी दर वर्षी त्यांच्यासमोर म्हणते आणि येथेही लिहून ठेवते.

बोकडाचे मांस कमी चरबीचे, पण शिरांचे असते. ग्रीसमध्ये डुकराच्या खांद्याचे आणि मानेचे काप सळईवर एकावर एक चढवतात, आणि त्यांची स्वतःची चरबी वितळत खालच्या थरांना भिजवते. बोकडाच्या मांडीचे तसेच काप चढवले, तर बाहेरचा थर कातड्यासारखा होतो आणि आतला शिजतच नाही. चार महिने आम्ही व्हिनेगर, दही, पपईचा रस असे सगळे वापरून पाहिले. शेवटी आम्ही खिम्याच्या लादीकडे वळलो, जी अमेरिकेतल्या गोमांस-कोकराच्या यीरोसच्या जवळची आहे. एक किलोला आठशे ग्रॅम बोकडाच्या खांद्याचा खिमा, दोनशे ग्रॅम कोकराची चरबी, सोळा ग्रॅम मीठ, वाळवलेला ओरेगानो दोन चमचे, जिरे आणि मिरी जराशी, चार पाकळ्या लसूण, आणि किसून घट्ट पिळलेला एक कांदा. मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर मांसातले प्रथिन सुटते, आणि सकाळी ते थंडगार असतानाच पुन्हा वाटले की मिश्रण बोटांना ताणले जाते, कणकेसारखे. तेच लादीला धरून ठेवते. पाण्याच्या ताटात ठेवून 160 अंशांवर भाजावे, मध्यभागी 71 अंश झाले की बाहेर काढावे, वर वजन ठेवून दाबावे, थंड झाल्यावर सुरीने पातळ काप काढावेत आणि तापलेल्या लोखंडी तव्यावर कडा करपेपर्यंत परतावेत.

त्यात कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला घालण्याचा मला फार मोह झाला होता. यायांनी एक घास खाल्ला, माझा हात धरला आणि म्हणाल्या, “कोरी मू (माझ्या मुली), हे चवदार आहे, पण हे यीरोस नाही.” तो मसाला त्या दिवशी बाजूला राहिला. त्झात्झिकी हे दही-काकडीचे ग्रीक तोंडीलावणे मात्र आमच्या हाताला सहज आले, कारण श्रीखंडाचा चक्का बांधता येणाऱ्या बाईला दही निथळणे आणि काकडी कोचवून पिळणे शिकवावे लागत नाही. याया दर शुक्रवारी एक लादी नेत असत आणि आजही नेतात, आणि आवडली नाही तर तसे स्पष्ट सांगतात.

2021 च्या डिसेंबरमध्ये आम्ही जवळजवळ संपलो होतो. एका वितरकाने नाताळासाठी सहाशे पाकिटांची मागणी केली. भाईंच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर कमजोर झाला होता, इथला डिसेंबरचा उन्हाळा तापलेला होता, आणि आम्ही रात्रभर मुरवण्याऐवजी चार तासांत वाटण उरकले. चरबी थंड असताना वाटली तर मांसात बसते. ती कोमट झाली की सुटते, आणि भाजताना वाहून जाते. गिऱ्हाइकांनी काप काढायला सुरी लावली आणि लादीचा खिमा झाला. माल परत आला, वितरकाने एकही डॉलर दिला नाही, कारण आमच्यात लेखी करार नव्हता, आणि आम्हाला यजमानांची मोटारगाडी विकावी लागली. जे धंद्यात उतरत आहेत त्यांना सांगते, मोठी मागणी आली तर निम्मे पैसे आगाऊ घ्या, करार कागदावर करा, आणि शीतगृहाचे यंत्र आधी तपासून घ्या.

त्याच महिन्यात आमच्याकडे सहा महिने काम केलेल्या एका गृहस्थाने, त्याच ‘पहिला’ पाकिटवाल्याने, आमच्यासारखीच लादी दुकानांत आमच्या जागेवर ठेवायला सुरुवात केली. त्याने मुरवणीचा वेळ वाचवण्यासाठी पावाचा चुरा घातला आहे, चरबी निम्मी केली आहे, आणि तव्यावर ती लादी कोरडी पडते. मी ती तीन वेळा विकत आणून वजन करून पाहिली आहे. लोक स्वस्त म्हणून नेतात आणि मग मला सांगतात की बोकडाचा यीरोस काही जमत नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटते, कारण जमत नाही ते त्या घाईला, बोकडाला नव्हे.

त्यातून बाहेर पडायला आम्हाला दीड वर्ष लागले. आता वाटण्याआधी चक्की, तिच्या पात्या आणि भांडीसुद्धा शीतगृहात ठेवली जातात, आणि मिश्रणाचे तापमान चार अंशांच्या वर गेले तर काम थांबते. पहिले कोण, असे कोणी विचारलेच तर, भाईंनी मला पहिल्यांदा बोकडाचा खांदा दिला त्या दिवसाचे बिल त्यांच्या वहीत आहे. ते पान त्यांनी मला फाडून दिले नाही, पण कोणालाही दाखवायला ते तयार असतात, आणि त्यावर तारीख त्यांच्याच हस्ताक्षरात आहे.