गोळी पोटात जाते, चेहऱ्यापर्यंत पोचते का?

"ताई, अँटिऑक्सिडंटची गोळी घेतली तर ती स्किनपर्यंत जाते का, की नुसतेच पैसे जातात?" गेली काही वर्षं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. मी आहाराचा सल्ला देते, त्यामुळे विचारणारच म्हणा. (अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींचं नुकसान रोखायला मदत करणारे घटक, जसं व्हिटॅमिन सी, ई किंवा गाजराला नारिंगी रंग देणारं बीटा कॅरोटीन.) आता परत तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट लिहून टाकते.

जाते. खरंच जाते. हे मी आमच्या घरातच बघितलंय. माझ्या जावेने एका हिवाळ्यात रोज मोठा ग्लासभर गाजराचा ज्यूस आणि वर बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल असं सुरू केलं, आणि दीड-दोन महिन्यांत तिचे तळहात तळपाय पिवळेधमक झाले. सगळे म्हणाले कावीळ, कुणी काविळीचं झाडपाल्याचं औषधही घेऊन आलं, पण मी तिचे डोळे बघितले तर बुबुळाभोवती पांढरंशुभ्र, आणि काविळीत आधी डोळेच पिवळे होतात ना. तरी ब्लड टेस्ट केली, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन नॉर्मल. ते सगळं कॅरोटीन होतं, तळहाताची कातडी जाड म्हणून तिथे साठून दिसत होतं. ज्यूस आणि कॅप्सूल बंद केल्यावरही रंग जायला दोन-तीन महिने गेले.

बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलात तर तळहातावर निळ्या-हिरव्या लेझरचा उजेड टाकून कातडीतलं कॅरोटीन मोजतात, सुई न टोचता. त्यात दिसतं की भाज्या-फळं वाढवली की काही दिवसांत आकडा चढतो आणि आजारपण, जागरण, दारू, कडक ऊन यांनी उतरतो. म्हणजे त्वचेतला साठा रोज खर्च होत असतो, एकदा भरला की झालं असं नाही.

प्रत्येकाची वाट वेगळी असते पण. व्हिटॅमिन ई चेहऱ्यावर येतं ते त्वचेच्या तेलातून, त्यामुळे गोळी सुरू केली की तीनेक आठवडे तरी तिथे फरक दिसत नाही, आणि लोक आठव्या दिवशी विचारतात काही होत का नाही म्हणून. व्हिटॅमिन सी चं वेगळंच, ते दिवसाला २०० मिलीग्रॅमच्या वर घेत गेलात की रक्तातली पातळी फारशी वाढत नाही, जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं. मग त्वचेला ते जादा मिळणार कुठून? आणि २०० मिलीग्रॅम म्हणजे एक मध्यम पेरू. हजारच्या गोळ्या घेणाऱ्या मुलींना मी हे सांगते तेव्हा त्यांना खोटं वाटतं.

मला सगळ्यात आवडणारा प्रयोग जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचा, २००१ साली छापून आलेला. लोकांना रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट १० ग्रॅम ऑलिव्ह तेलात दिली, १० आठवडे. मग त्वचेवर अतिनील किरण सोडले तर न खाणाऱ्यांपेक्षा लाली ४० टक्के कमी. चौथ्या आठवड्यात मात्र काहीच फरक नव्हता! शिजवलेला टोमॅटो आणि सोबत तेल, कारण टोमॅटोला लाल रंग देणारं अँटिऑक्सिडंट, लायकोपीन, तेलातच विरघळतं, म्हणजे आपली फोडणी घातलेली टोमॅटोची चटणी किंवा सार हे कच्च्या सॅलडपेक्षा या बाबतीत सरसच. पण म्हणून उन्हात छत्री आणि सनस्क्रीन सोडायचं नाही हं, ही ढाल फार पातळ आहे.

आता जे मला खरं सांगायचंय ते. पोचली म्हणजे भलं झालं असं नाही. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली, त्यातल्या काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं, आणि १९९४ ला निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत तर अशीच एक चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. आणि फ्रान्समध्ये सी, ई, बीटा कॅरोटीन, सेलेनियम, झिंक अशी एकत्र कॅप्सूल, तीही बेताच्या डोसची, साडेसात वर्षं दिली तर ती घेणाऱ्या बायकांत त्वचेचाच कॅन्सर जास्त आढळला. त्वचेचाच! हे वाचल्यापासून मी कुणालाही सरसकट "घ्या, नुकसान तर नाही ना" असं म्हणत नाही. हे वाक्य माझ्या तोंडून पूर्वी कितीतरी वेळा गेलंय आणि त्याचं मला वाईट वाटतं.

गाजर, माठ, चाकवत, आवळा, पेरू यांची भीती नको, जावेसारखा अतिरेक केला तरी फार तर हात पिवळे होतील. तरीही गोळी घ्यायचीच असेल तर विकत घेण्याआधी बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा, बीटा कॅरोटीन किती मिलीग्रॅम आहे ते मी बघते, आणि तुम्ही सिगारेट किंवा विडी ओढता का किंवा आधी ओढायचात का तेही लिहा, लाजू नका, कारण त्यावरच माझं उत्तर ठरणार आहे.