घाईच्या संध्याकाळी आंबट-गोड चिकन आणि फळांच्या सळया: माझा अनुभव

कामावरून घरी आल्यावर पाऊण तासात जेवण पानात पडायला हवं असेल, तर सळईवरचं चिकन फार सोयीचं. तुकडे लहान, त्यामुळे झटपट शिजतात. भाजी आणि फळ त्याच सळईवर असल्याने वेगळं काही करायची गरज उरत नाही. अडचण एकच आहे. आंबट-गोड चव देणारी जवळपास प्रत्येक गोष्ट चिकनला कुठे ना कुठे नडते. ताजा अननस मांसाचा लगदा करतो, लिंबू-व्हिनेगर बाहेरचा थर पिठूळ करतं आणि मध आतलं चिकन शिजायच्या आधीच बाहेरून जळतो. म्हणून मी क्रम ठरवून टाकला आहे: मीठ-मसाला आदल्या रात्री, फळ सळई भरताना आणि मध-आंबट अगदी शेवटी. हा क्रम पाळला की बाकी सगळं हाताच्या सवयीने होतं.

चिकन मी बोनलेस थायचं, म्हणजे मांडीचं, घेते. चार जणांना ६०० ग्रॅम पुरतं, म्हणजे माणशी दोन, अशा आठ सळया. थायमध्ये चरबी आणि कोलॅजेन जास्त असतं, त्यामुळे आतलं तापमान ८० अंश सेल्सियसपर्यंत गेलं तरी तुकडा रसरशीत राहतो, किंबहुना तिथेच तो जास्त चांगला लागतो. ब्रेस्टचं तसं नाही. चिकन सुरक्षित होण्यासाठी ७४ अंश लागतात आणि ब्रेस्ट त्याच्यापुढे थोडं जरी गेलं तरी कोरडं व्हायला लागतं. एका हाताने भात बघायचा आणि दुसऱ्या हाताने सळया उलटायच्या, अशा वेळी दोन-तीन मिनिटांचा उशीर पोटात घालणारं मांस बरं. ब्रेस्टच वापरायचं असेल तर थर्मामीटर जवळ हवा.

चिकन नळाखाली धुवत नाही. धुतल्याने जंतू मरत नाहीत, शिंतोड्यांबरोबर सिंकभर आणि ओट्यावर पसरतात. टिश्यूने नीट टिपून घ्यायचं आणि साधारण ३ सेंटिमीटरचे तुकडे करायचे. यापेक्षा लहान केले तर फळाला डाग पडायच्या आत चिकन सुकतं, मोठे केले तर बाहेर करपतं आणि आत कच्चं राहतं. थायचा तुकडा एका कडेला पातळ असतो. ती कड कापून टाकू नका, ओवताना दुमडून घ्या म्हणजे जाडी सारखी होते.

मुरवण्यासाठी ६०० ग्रॅमला १ मोठा चमचा सोया सॉस, अर्धा छोटा चमचा मीठ, १ मोठा चमचा तेल, १ छोटा चमचा लसूण पेस्ट, अर्धा छोटा चमचा किसलेलं आलं, १ छोटा चमचा लाल तिखट आणि अर्धा छोटा चमचा मिरपूड. सोयातलं आणि वरचं मिळून मीठ मांसाच्या वजनाच्या १ टक्क्याच्या जरा आत राहतं. पुढे सॉसमधूनही मीठ येणार आहे, त्यामुळे इथे हात आखडताच बरा. आलंही कमीच घालायचं, कारण ताज्या आल्यात मांस मऊ करणारं एन्झाइम असतं आणि रात्रभरात ते आपलं काम करतं. साखर, मध, लिंबू, व्हिनेगर यातलं काहीही या टप्प्यावर नाही. मीठ हळूहळू आत शिरतं आणि मांसाला पाणी धरून ठेवायला मदत करतं. आंबट मात्र वरच्या थरातच काम करतं, आणि दोन तासांपेक्षा जास्त वेळ ठेवलं की तो थर पांढरट, भुसभुशीत होतो.

असं मुरवलेलं चिकन झाकून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या खाली, दीड-दोन दिवस चांगलं राहतं. सुट्टीच्या दिवशी दीड-दोन किलो एकदम मुरवून झिपच्या पिशव्यांमध्ये भरून फ्रीझरमध्ये टाकलं तर आठवड्याची चिंता मिटते. पिशवी हाताने चपटी करून दोन सेंटिमीटर जाडीची ठेवायची. गोळा करून ठेवलेली पिशवी फ्रिजमध्ये दुसऱ्या संध्याकाळीही मधे दगडासारखी असते, चपटी मात्र रात्रीतून सुटते. ओट्यावर उघड्यावर वितळवू नका. आतला बर्फ सुटेपर्यंत बाहेरचा थर तासन्‌तास कोमट राहतो आणि जंतूंना तेच हवं असतं.

आता अननस. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं आणि फ्रिजमध्येही थांबत नाही, फक्त सावकाश चालतं. चिकन आणि ताजा अननस रात्रभर एका डब्यात ठेवले तर सकाळी तुकड्यांच्या कडा बोटाने पुसल्या जातील इतक्या मऊ झालेल्या असतात. शिजवल्यावर असं मांस चघळावं लागत नाही, पण त्याला धागाच उरत नाही, दाताखाली ओल्या खडूसारखं लागतं. गोठवल्यानेही ब्रोमेलेन मरत नाही, उष्णतेने मरतं. म्हणून विकतचा डबाबंद अननस चालतो, तो भरताना तापवलेला असतो. ताजा असेल तर तो आणि चिकन फक्त सळईवरच एकत्र येऊ द्यायचे. दहा-पंधरा मिनिटांत काही बिघडत नाही.

सकाळीच सळया भरून ठेवायच्या असतील तर अननसाचे तुकडे मायक्रोवेव्हमध्ये आतपर्यंत कडकडीत गरम करायचे, पूर्ण गार होऊ द्यायचे आणि मगच ओवायचे. कोमट फळ कच्च्या चिकनला लावून ठेवणं धोक्याचं. पपई आणि किवीतही अशीच एन्झाइम्स असतात, त्यांनाही हाच नियम.

चार जणांना सोललेला, मधला दांडा काढलेला ३०० ग्रॅम अननस लागतो. तुकडे चिकनपेक्षा किंचित लहान, अडीच सेंटिमीटरचे. फळ पिकलेलं पण घट्ट हवं. अतिपिकलेला अननस सळई टोचतानाच फाटतो आणि उलटताना निखळून खाली पडतो. कापल्यावर तुकडे टिश्यूवर पसरून ठेवते, कारण ओलं फळ आधी वाफ सोडतं आणि त्या वाफेत शेजारचं चिकन भाजण्याऐवजी उकडतं. घट्ट आंबा, पीच आणि प्लमही सुरेख होतात. पीच-प्लमची साल काढू नका, तीच त्यांना धरून ठेवते. सफरचंद घेतलं तर फोडी पातळ ठेवा, नाहीतर ते कचकचीत राहतं. केळं, स्ट्रॉबेरी आणि कलिंगड मी या कामाला घेत नाही. पहिली दोन गळून पडतात आणि कलिंगडाचं पाणी ट्रेभर होतं.

भाज्यांत एक मोठी लाल ढोबळी मिरची आणि एक कांदा. कांद्याची पूर्ण फोड ओवली तर ती आत कच्चीच राहते. पाकळ्या सुट्या करून दोन-दोन पाकळ्या एकत्र घ्यायच्या.

सॉस हा या पदार्थाचा जीव, आणि तो दहा मिनिटांत होतो. अर्धा कप अननसाचा रस, २ मोठे चमचे मध, १ मोठा चमचा सोया सॉस, २ मोठे चमचे व्हिनेगर, १ छोटा चमचा किसलेलं आलं, अर्धा छोटा चमचा कुटलेली सुकी मिरची. यातलं एक चमचा व्हिनेगर बाजूला ठेवून बाकी सगळं छोट्या पातेल्यात मध्यम आचेवर उकळायला लावायचं. सुरुवातीला बारीक, फेसाळ बुडबुडे येतात आणि वर करडा फेस धरतो, तो चमच्याने काढायचा. चार-पाच मिनिटांत फेस विरतो, बुडबुडे मोठे आणि आळशी होतात, फुटताना हलका आवाज करतात. म्हणजे पाणी पुरेसं आटलं. आता १ छोटा चमचा कॉर्नफ्लोअर १ मोठ्या चमचा गार पाण्यात कालवून घालायचं आणि ढवळत एक मिनिट उकळायचं. कॉर्नफ्लोअर आधी घालून ठेवलं तर आंबटात फार वेळ उकळून सॉस पुन्हा सैल होतो. गॅस बंद करून उरलेलं व्हिनेगर वर घालायचं. उकळताना व्हिनेगरचा झणका वाफेबरोबर उडून जातो आणि शेवटच्या चमच्याने तो परत येतो. व्हिनेगरऐवजी लिंबू वापरत असाल तर सगळं लिंबू गॅस बंद केल्यावरच.

चव गरम असताना घेऊ नका, बशीत थेंब टाकून कोमट होऊ द्या. अननस आंबट निघाला तर अर्धा चमचा मध वाढवायचा. सॉस नुसता चाखताना किंचित जास्त आंबट वाटला पाहिजे, कारण भाजताना फळाची गोडी वाढते आणि चिकनची चरबी आंबटपणा दाबते. तयार सॉस लगेच दोन वाट्यांत अर्धा-अर्धा करायचा. एका वाटीतला ब्रशने लावायला, दुसरीतला ताटात वाढायला. ज्या वाटीत कच्च्या चिकनला लागलेला ब्रश बुडाला, तिच्यातलं पानात घ्यायचं नाही.

सळया लाकडी असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवायच्या. कामाच्या दिवशी एवढं लक्षात राहत नाही, म्हणून मी एकदाच पुष्कळ भिजवून पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवते, लागतील तेव्हा ओल्याच हाती येतात. भिजवूनही उघडी टोकं काळी पडतातच, त्यांना फॉइल गुंडाळा. लोखंडी किंवा स्टीलच्या घेत असाल तर चपट्या घ्या. गोल सळई उलटली की सळई फिरते आणि तुकडे जागच्या जागी राहतात. गोलच असतील तर दोन सळया बोटभर अंतर ठेवून समांतर टोचायच्या.

एका सळईवर चिकनचे तीन तुकडे, मधे फळ, मिरची, कांदा. तुकडे एकमेकांना जेमतेम टेकतील इतकेच जवळ. घट्ट दाबले तर टेकलेल्या बाजू कच्च्या राहतात, फार लांब ठेवले तर कडा सुकतात. दोन्ही टोकांना कांदा किंवा मिरची ठेवली तर फळ घसरत नाही.

ओव्हन घरी आल्याआल्या २२० अंशांवर लावायचा. तो तापेपर्यंत सॉस आणि ओवणं दोन्ही होतं. ट्रेला फॉइल, त्यावर तेल पुसलेली जाळी, जाळीवर सुट्या सुट्या सळया. जाळी नसेल तर खाली साचलेल्या रसात चिकनची खालची बाजू फिकी राहते. पहिली आठ मिनिटं एका बाजूने, उलटून पाच मिनिटं, आणि इथपर्यंत सॉसचा एक थेंबही नाही. मग पातळ हात फिरवून दोन मिनिटं, उलटून पुन्हा हात फिरवून दोन मिनिटं. मधातली फळसाखर साध्या साखरेपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला रंग धरते, त्यामुळे या चार मिनिटांत तिथून हलायचं नाही. कडांना तपकिरी ठिपके आले, सॉस चकचकीत होऊन चिकटला की काढायचं. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले, जाड थर ओघळून फॉइलवर जळतो आणि स्वयंपाकघर धुराने भरतं.

तव्यावर करायचं असेल तर बिडाचा तवा किंवा ग्रिल पॅन चांगला तापवून मध्यम आचेवर, दर तीन मिनिटांनी बाजू बदलत बारा-तेरा मिनिटं. एका वेळी चारच सळया. आठ एकदम घातल्या तर तवा गार पडतो, पाणी सुटतं आणि रंग येत नाही. सॉस शेवटच्या दोन मिनिटांत, आच मंद करून. एअर फ्रायरमध्ये आखूड सळया, २०० अंश, दहा ते बारा मिनिटं, बाकी क्रम तोच.

शिजलं की नाही हे सळईच्या मधल्या, सगळ्यात जाड तुकड्यात बघायचं. थर्मामीटरचं टोक सळईला टेकू देऊ नका, विशेषतः धातूच्या, आकडा चुकतो. किमान ७४, थायला ७८ ते ८०. थर्मामीटर नसेल तर तो तुकडा चिरून बघा: काचेसारखा पारदर्शक भाग कुठेही दिसायला नको आणि रस स्वच्छ हवा. नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका, सोया सॉसमुळे कच्चा तुकडाही तपकिरी दिसतो. फळाला टेकलेली बाजू सगळ्यात उशिरा शिजते, चीर तिथे द्यायची. कच्चं निघालं तर फॉइलने सैल झाकून आणखी तीन मिनिटं, म्हणजे वरचा सॉस जळत नाही.

बाहेर काढल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. लगेच चावलं तर अननसाचा आतला रस जीभ पोळतो, लहान मुलांना तर तुकडे सळईवरून काढूनच द्यावेत. सोबत साधा भात आणि काकडी पुरे, वाटीतला सॉस भातावर.

उरलं तर दोन तासांच्या आत सळईवरून काढून, चिकन-भाज्या एका डब्यात आणि फळ दुसऱ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये. तीन दिवसांत संपवायचं. गरम करताना चिकन झाकणाखाली चमचाभर पाणी घालून वाफ येईपर्यंत, आणि फळ गॅस बंद केल्यावर वरून. ते दुसऱ्यांदा शिजवलं की पार गळून जातं.