आमची वाटचाल: सीट कव्हरपासून फ्लिप-अप हेल्मेटच्या मापापर्यंत

कोल्हापूरच्या आमच्या दुकानात सुरुवातीला सीट कव्हर, आरसे, लेगगार्ड, हॉर्न असं फिटिंगचं काम चालायचं. हेल्मेट हा जोडधंदा होता. ती खुंट्यांना टांगलेली असायची, माप मिडियम नाहीतर लार्ज, आणि गिऱ्हाईक रंग व भाव बघून उचलायचं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात विनाहेल्मेटचा दंड हजार रुपये झाला. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला, साठवायला आणि विकायला केंद्र सरकारने बंदी घातली. दंड चुकवण्यापुरतं हेल्मेट मागणारे अजूनही येतात. पण आंबा घाट, गगनबावडा, गोवा अशा लांबच्या फेऱ्या करणारे, चष्मेवाले आणि दिवसभर गाडीवर फिरणारे लोक फ्लिप-अप, म्हणजे पुढचा भाग वर उघडणारं हेल्मेट, मागू लागले, तसा दुकानाचा निम्मा वेळ माप घेण्यातच जाऊ लागला. आज आमचा खरा धंदा तोच आहे.

फ्लिप-अपची कल्पना जुनी आहे. बीएमडब्ल्यूने १९८१ साली आणलेल्या सिस्टिम हेल्मेटचा हनुवटीपुढचा भाग, म्हणजे चिनबार, वर उचलता येत होता. पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, चहाला थांबल्यावर हेल्मेट न काढता बोलता येतं, ही त्याची सोय. मापाच्या बाबतीत मात्र हीच सोय फसवते. फुलफेसचं, म्हणजे पुढून न उघडणाऱ्या, सगळा चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटचं, खालचं तोंड अरुंद असतं, त्यामुळे डोकं आत जातानाच घट्ट की सैल ते कळतं. फ्लिप-अप उघडलं की टोपीसारखं डोक्यावर बसतं, आणि दोन मापं चुकलेलं असलं तरी घालताना छानच वाटतं. म्हणून आमच्याकडे नियम एकच: चिनबार बंद करून आणि पट्टा आवळून झाल्याशिवाय ‘बसलं’ म्हणायचं नाही.

माप शिवणकामाच्या टेपने घ्यायचं. भुवयांच्या एक इंच वर, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून. दोन-तीनदा घेऊन त्यातलं मोठं माप धरायचं. साधारणपणे ५५-५६ सेंटिमीटर म्हणजे स्मॉल, ५७-५८ मिडियम, ५९-६० लार्ज आणि ६१-६२ एक्स्ट्रा लार्ज. कंपनीगणिक एखादा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच हेल्मेटवर ५८०, ६०० असे मिलिमीटरचे आकडेच छापलेले असतात. रोज स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या ताईंचं माप आम्ही स्कार्फसकट घेतो. अंबाडा वर बांधला असेल तर तो सोडून वेणी खाली घ्यायला सांगतो, कारण अंबाडा मागून हेल्मेट पुढे ढकलतो आणि कपाळावरची कड डोळ्यांवर येते.

टेपचा आकडा ही फक्त सुरुवात. चिनबार बंद करून तो हातात धरायचा आणि हेल्मेट डावी-उजवीकडे हलवायचं. गालाची आणि कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे. चेहरा जागेवर राहून हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. मग मागची कड धरून वर आणि पुढे ढकलायचं. पट्टा आवळलेला असताना ते डोळ्यांवर घसरत असेल तर माप चुकलं. नवं हेल्मेट गालांना घट्टच हवं. बोलताना गाल दाताखाली येत असतील तरी घाबरू नका, पहिल्या पंधरा-वीस तासांच्या वापरात फोम बसतो. मात्र कपाळाचा किंवा कानशिलांचा ठणका फोम बसल्याने जात नाही.

हा ठणका कळायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि दुकानात तेवढा वेळ हेल्मेट घालून बसायला आम्ही खुर्ची ठेवली आहे. काढल्यावर कपाळाच्या मधोमध लाल वळ आणि कानशिलांपाशी मोकळी जागा असेल, तर डोकं लांबट आणि हेल्मेट गोल आहे. कानांच्या वर दोन्ही बाजूंना दुखतंय पण कपाळापुढे बोट जातंय, तर उलट. अशा वेळी एक माप मोठं घेणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण ठणका थांबतो आणि हेल्मेट चारी बाजूंनी ढिलं होतं. मॉडेल किंवा कंपनी बदलायची, माप तेच ठेवायचं. आतलं थर्माकोल चमच्याने दाबून जागा करून देणारे कारागीर आहेत. आम्ही ते करत नाही. पडल्यावर धक्का शोषून घेणारं तेच थर्माकोल असतं, आणि एकदा दबलेलं ते पुन्हा फुगत नाही.

बदलता येतात ते गालाचे पॅड. ते प्रेस बटणांवर बसवलेले असतात, आणि चांगल्या कंपन्यांचे कमी-जास्त जाडीचे पॅड सुटे मिळतात. डोक्याला बरोबर पण गालाला सैल असलेलं हेल्मेट जाड पॅड घालून नीट होतं. फ्लिप-अपमध्ये इथे एक अडचण येते. पॅड फार जाड झाले तर चिनबार खाली येताना गालाची कातडी किंवा दाढी चिनबार अडकवणाऱ्या खटक्यात चिमटते. म्हणून पॅड बदलल्यावर चिनबार पाच-सहा वेळा उघडून बंद करून बघायचा. बंद असताना ओठ आणि चिनबार यांच्यात निदान एक बोट जागा हवी. तळव्याने समोरून दाबल्यावर नाक किंवा हनुवटी टेकत असेल, तर लांब जबड्याच्या माणसाने ते मॉडेल सोडून द्यावं.

खटक्याकडे लोक बघतच नाहीत. बटण मधोमध एकच असतं, पण पकड डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंना असते. एका हाताने मधे दाबून बंद केलं की कधीकधी एकच बाजू अडकते. कवच आणि चिनबार यांच्यामधली फट एका बाजूला किंचित रुंद दिसली तर हाच प्रकार आहे. दोन्ही हातांनी दोन्ही कडा दाबायच्या, दोन्हीकडचा ‘खट’ ऐकायचा आणि चिनबार वर ओढून खात्री करायची. आतली खुंटी आणि तिला अडकणारा आकडा दोन्ही धातूचे असतील ते मॉडेल घ्यावं. प्लॅस्टिकचा आकडा झिजतो.

चिनबार वर करून गाडी चालवायची का, हा रोजचा प्रश्न. युरोपच्या ईसीई प्रमाणपत्राच्या हेल्मेटमध्ये पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर ‘पी’ आणि ‘जे’ ही दोन्ही अक्षरं असतील, तर ते बंद आणि उघडं अशा दोन्ही प्रकारे तपासलेलं असतं. एकटं ‘पी’ असेल तर चालत्या गाडीवर बंदच ठेवायचं. दोन्ही अक्षरं असली तरी वेगात उघडा चिनबार वारा पकडतो आणि मान मागे ओढतो, आणि पडल्यावर हनुवटी उघडीच असते. आमचा सल्ला एकच: गाडी थांबली तरच उघडा.

वजनाबद्दल स्पष्ट सांगतो. बिजागऱ्या, खटके आणि उन्हासाठीची आतली काळी काच यांमुळे फ्लिप-अप फुलफेसपेक्षा जड असतं, साधारण दीड ते पावणेदोन किलो. काउंटरवर डिजिटल काटा आहे, गिऱ्हाइकाने दोन हेल्मेट स्वतः तोलून बघावीत. मानेचं दुखणं असेल तर शंभर-दोनशे ग्रॅमही संध्याकाळी जाणवतात. जोडावरून येणाऱ्या वाऱ्याचा आवाजही थोडा जास्त असतो.

चष्मेवाल्यांसाठी मात्र फ्लिप-अपइतकं सोयीचं दुसरं काही नाही. चिनबार वर करून आधी हेल्मेट, मग चष्मा, मग बंद. काड्या कानशिलात रुतत असतील तर चष्म्यासाठी खाच असलेले पॅड बघावेत. आतली काळी काच खाली ओढून ती चष्म्याच्या फ्रेमला किंवा नाकाला टेकते का, हेही तपासावं.

पावसाळ्यात गगनबावड्याच्या चढावर काच आतून धुरकट होते. त्यावर पिनलॉक, म्हणजे काचेच्या आत बसवायचा दुसरा पारदर्शक थर, हा खात्रीचा इलाज. काचेत दोन पिना असतील तरच तो बसतो, आणि त्याची सिलिकॉनची कड सगळीकडून काचेला चिकटलेली हवी. एका जागी फट राहिली की दोन थरांच्या मधे वाफ शिरते. तो फक्त पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसावा. काच किंवा खटका पेट्रोलने पुसू नये. खटक्यातली धूळ जुन्या टूथब्रशने काढून सिलिकॉन स्प्रे मारावा.

सुटी काच, गालाचे पॅड आणि बिजागरीच्या प्लेटा मिळतात अशाच मॉडेलना आता आम्ही दुकानात जागा देतो. मापाला येताना रोजचा चष्मा, स्कार्फ आणि ब्लूटूथ बसवायचा असेल तर त्याचे स्पीकर घेऊन या, कारण स्पीकर कानाच्या खळग्यात बसला नाही तर कान दबतो. आणि अर्धा तास हाताशी ठेवून या.